तळाची ओळ

शुक्रवारचे हेरिंग मासे घेऊन डॅमरिस टॅरंट घरी निघाली होती, आणि चीपसाइडच्या पाणकुंडापाशी तिला आपलं नवं पुस्तक खांबाला ठोकलेलं दिसलं. पुस्तक नव्हे, पुस्तकाचं पहिलं पान. पुस्तक यायचं असलं की आधी असं पान लंडनच्या खांबाखांबांवर ठोकायचं. तिचे वडील ठोकत, नवरा ठोकत असे, आणि नवरा गेल्यापासून ती ठोकून घेत होती. हे पान इतक्या लवकर येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती हरखून पुढे झाली. कागद चांगला होता, शाई पसरली नव्हती. वर नाव: फळझाडांची कलमं आणि त्यांची निगा. मध्ये क्रेलच्या छापखान्यातला तो नासपतीच्या फांदीचा ठसा, तिनंच पसंत केलेला. शेजारी एक बाम मासे विकणारी बाई पाण्यासाठी थांबली होती. तिनं घडा खाली ठेवला आणि म्हणाली, "वाचता येतंय वाटतं तुम्हाला. काय म्हणतो तो कागद? नवा कर तर नाही ना बसवला?"

"नाही हो. झाडांचं पुस्तक आहे," डॅमरिस म्हणाली आणि तिनं ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वाचून दाखवायची तिला लहानपणापासून हौस. सेंट पॉलच्या आवारात बगळ्याच्या पाटीखाली मिळेल, म्हणजे तिच्याच दुकानात, इथपर्यंत ती आली आणि थांबली.

"आणि खाली ते काय? तिथं आहे की अजून एक ओळ."

"ते विकणाऱ्याचं नाव."

"कोण तो?"

"बार्नबी टॅरंट."

"तुमच्या माहितीतला?"

"मुलगा आहे माझा."

"अगो बाई!" मासेवालीनं घडा पुन्हा कमरेवर घेतला. "मुलाचं नाव भर रस्त्यात टांगलंय आणि चेहरा असा काय? आमचा थोरला टांगला जाईल तर तो फासावरच. नशीब काढलंत बाई तुम्ही." ती हसत हसत गर्दीत गेली. डॅमरिस तिथंच उभी. माशांच्या टोपलीतून पाणी गळून तिच्या बुटावर पडत होतं, ते तिला कळत होतं, पण टोपली दुसऱ्या हातात घ्यावी एवढंही तिला सुचेना. ती ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती, जणू नीट वाचली तर त्यात आणखी काही सापडेल. काही नव्हतं. मागच्या वसंतात निघालेल्या पुस्तकापर्यंत त्या जागी 'डी. टॅरंट' असे. एक अक्षर, एक टिंब आणि आडनाव. आता नव्हतं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. सकाळी न्याहारीला बार्नबी समोरच बसला होता, पाव मोडून बिअरमध्ये बुडवत होता, आणि पावसाबद्दल बोलत होता.

चालता चालता तिला वडील आठवले. अँब्रोज फेनिक. त्यांचं दुकान तेच, पाटी तीच. दुकानाची फळी दिवसा खाली पाडली की तिचं रस्त्यावर टेबल व्हायचं, आणि त्या टेबलाखाली एक छोटीशी खोली तयार व्हायची, गिऱ्हाइकांच्या पायांची. तिथं बसून ती वाचायला शिकली. न बांधलेल्या पुस्तकांचे ताव खाली पडत, ते उलटेसुलटे धरून ती अक्षरं लावायची. पुढं पुढं तर क्रेलच्या छापखान्यात जुळवलेले अक्षरांचे खिळे उलटे असूनही ती सरळ वाचल्यासारखे वाचू लागली, आणि वडील चारचौघांत ते कौतुकानं करून दाखवायला लावत. पण लिहायला मात्र त्यांनी तिला कधी शिकवलं नाही. "वाच की हवं तेवढं," ते म्हणत, "लिहून तुला कुणाला काय कळवायचंय?" मुलींना वाचायला शिकवणं आणि लिहायला शिकवणं या तेव्हा दोन निराळ्या गोष्टी होत्या, आणि दुसरी कुणी मागतही नसे. तिनंही मागितली नाही. वडिलांनी आपल्या हाताखाली धंदा शिकणाऱ्या गिल्बर्ट टॅरंट याला जावई करून घेतला, दुकान त्याच्याकडे गेलं, तिच्याबरोबर गेलं असंही म्हणता येईल, आणि पानांच्या तळाशी फेनिकच्या जागी टॅरंट आला. ती रोज सकाळी फळी पाडत होती, गिऱ्हाइकांना पुस्तकं वाचून दाखवत होती, कुठली पुस्तकं काढायची ते गिल्बर्टला जेवताना सांगत होती, आणि जिथं कुठं सही लागे तिथं कशीबशी एक चोच काढत होती. बगळ्याची.

गिल्बर्ट एका हिवाळ्यात छातीत कफ होऊन गेला. तेव्हा एक पुस्तक छापायला लागलेलं होतं. क्रेलनं विचारलं होतं, "बाई, नाव कुणाचं घालू? 'टॅरंटची विधवा' असं घालतात सगळे." तिला तो शब्द नको होता. ती म्हणाली, "डी घाला." क्रेल म्हणाला, "डी म्हणजे काय ते लोकांना कसं कळायचं?" ती म्हणाली होती, "मला कळेल ना." मग ते पान ओलं असतानाच तिनं हातात घेतलं होतं. जगात कुठंही तिचं नाव लिहिलेलं नव्हतं; बाप्तिस्म्याच्या वहीत असेल, पण ती कुणी उघडत नाही. ते एक अक्षर तिनं लिहिलेलं नव्हतं, पण तिच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं होतं. त्या दिवशी, मेलेल्या नवऱ्याच्या घरात, तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची तिला आजवर लाज वाटत होती.

दुकानात शिरली तेव्हा बार्नबी शिडीवर चढून वरच्या फळ्या आवरत होता. त्याची बायको लेटिस पायथ्याशी उभी राहून त्याच्या हातात पुस्तकं देत होती. लेटिसला दिवस गेले होते, अजून बाहेरून दिसत नव्हतं. दोघं कशावरून तरी हसत होती, ती डॅमरिसला पाहून थांबली. म्हणजे हसू थांबवलं असं नव्हे, ते आपोआप संपलं. हल्ली असं व्हायचं.

"चीपसाइडला पान लागलंय," डॅमरिस म्हणाली.

बार्नबीचा हात वरच राहिला. मग तो सावकाश खाली उतरला. त्याला लपवता कधीच येत नसे. कान लाल व्हायचे. "क्रेलनं इतक्या लवकर लावलं? आई, मी रविवारी सांगणारच होतो तुला. चर्चमधून आल्यावर निवांत."

"काय सांगणार होतास?"

"हेच. आता मी पुस्तकवाल्यांच्या मंडळाचा रीतसर सभासद झालो. दुकान माझ्या नावानं चालवायला हरकत नाही. आणि तूच नाही का म्हणालीस, गेल्या थंडीत खोकला झाला तेव्हा, की आता होत नाही म्हणून? मी थकले, तू बघ आता. हेच शब्द होते तुझे."

ते शब्द तिचेच होते. अंथरुणावर पडून, छताकडे बघत, ती तसं म्हणाली होती. म्हणताना ती थांबली होती, आणि तो 'छे, तुझ्याशिवाय कसं व्हायचं' असं म्हणेल म्हणून वाट पाहिली होती. तो तिचा हात थोपटून, "बरं आई," असं म्हणाला होता. चांगला मुलगा. सांगितलेलं ऐकणारा.

"तुमच्यासाठी वर शेकोटीपाशी खुर्ची करून घेतलीय आम्ही," लेटिस म्हणाली. "हातांची. मऊ गादी घातलीय. तुम्हाला सकाळी गारठ्यात उभं राहावं लागू नये म्हणून."

"छान केलंत," डॅमरिस म्हणाली. खरंच छान केलं होतं. तिला कुठं बोट ठेवावं तेच कळेना. या दोघांनी तिला काही केलं नव्हतं. तिनं माशांची टोपली टेबलावर ठेवली, पुस्तकांवर, जे तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि बार्नबीनं ती चटकन उचलून जमिनीवर ठेवली.

"आई, तू रागावलीस का?" तो जवळ आला. "अगं एक अक्षर तर होतं. खाली, बारीक. कुणी बघतसुद्धा नाही. कुणाच्या लक्षातही यायचं नाही बघ."

तो तिची समजूत घालत होता. त्याच्या आवाजात ओलावा होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो कागदाच्या धुळीनं माखलेला होता. "नाही रे," ती म्हणाली. "जरा क्रेलकडे जाऊन येते. फांदीचा ठसा थोडा डावीकडे गेलाय." आणि ती बाहेर पडली. मागून लेटिस हळूच काहीतरी म्हणाली आणि बार्नबी म्हणाला, "जाऊ दे, तेवढंच तिला बरं वाटेल."

क्रेलचा छापखाना गल्लीच्या टोकाला होता. जाताना तिला केंटमधला तो उन्हाळा आठवत होता. ओबदाया पेल नावाचा म्हातारा बागाईतदार, दात पडलेला, अक्षरशत्रू, पण झाडांबद्दल बोलू लागला की ऐकत राहावं असा. त्याच्या बोलण्याचं पुस्तक करायचं तिच्या मनात आलं तेव्हा बार्नबी पंधरा-सोळा वर्षांचा असेल. दोघं मालाच्या घोडागाडीवर बसून गेली होती. ती नासपतीच्या झाडाखाली बसून पेलला खोदून खोदून विचारायची: कलमाची काडी कधी कापायची, माती किती घट्ट बांधायची, पावसानं भिजली तर काय? आणि बार्नबी मांडीवर फळी ठेवून कागदावर लिहायचा. ती विचारी, म्हातारा सांगे, पोर लिही. मध्येच बार्नबी म्हणे, "आई, हळू, माझा हात तुटेल," आणि म्हातारा खो खो हसे. संध्याकाळी तो लिहिलेलं तिला वाचायला देई आणि ती त्यातल्या चुका काढी. त्याच्या वळणदार अक्षरात पेलचा आवाज जसाच्या तसा उतरलेला असे. तिला वाटायचं, हा हात माझाच आहे. माझ्यातूनच तर फुटलाय. त्या उन्हाळ्यात ती कुणाची विधवा नव्हती, कुणाची मुलगी नव्हती. परतताना गाडीत तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता, बोटं शाईनं काळी झालेली. मग इतर पुस्तकं आली, पेल वारला, कागद फडताळात पडून राहिले. यंदा तिनंच ते बाहेर काढले होते.

छापखान्यात ओल्या तावांच्या दोऱ्या बांधल्या होत्या, त्यांखालून वाकून ती आत गेली. हम्फ्री क्रेल खिळ्यांच्या खणांपाशी उभा होता. तो तिच्या वडिलांच्या वेळचा. आता पाठ वाकली होती, बोटं मात्र तशीच चपळ.

"या टॅरंटबाई. पान पाहिलंत? झकास उतरलंय. खांबांपुरती काढलीत, बाकीची आता दुपारी काढायची."

"म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा अजून बांधलेलाच आहे?"

"हा काय इथं." त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. "बार्नबी म्हणाला, तुम्ही सगळं सोडलंत. मला वाटलं, तुमच्या मर्जीनंच."

ती फर्म्यावर वाकली. तळाची ओळ उलटी, चकचकीत, तेलकट. तिनं त्यावरून बोट फिरवलं. बार्नबीचं नाव बोटाला थंड लागलं. "पुस्तकाचा हक्क अजून माझ्याकडे आहे ना?"

"तुमच्याच नावानं नोंदलंय की. तुम्ही म्हणाल ते मी करीन. ओळ बदलायला कितीसा वेळ लागतो! काय, डी. टॅरंट? नेहमीसारखं?"

"नाही," ती म्हणाली. "पूर्ण. डॅमरिस."

क्रेलनं ओळीची लांबी बोटांनी मापली. "बसतंय. जागा राहते सुद्धा. मी म्हणतो बाई, 'डॅमरिस आणि बार्नबी टॅरंट' असं करू या का? मायलेक. छान दिसेल. पोरालाही वाईट वाटायचं नाही."

ते योग्य होतं. इतकं योग्य होतं की तिला ते स्वतःला का सुचलं नाही याचं नवल वाटलं. विचारलं तिनं होतं, लिहिलं त्यानं होतं. दोन नावं शेजारी शेजारी, त्या झाडाखाली ती दोघं बसली होती तशी. ती हो म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं तिनं. आणि मग तिला खांद्यावरचा तो धुळीचा हात आठवला, आणि तो मायेचा आवाज. एक अक्षर तर होतं. तिच्या आत काहीतरी कडक झालं, सरस वाळल्यासारखं. तिला स्वतःची भीती वाटली, पण ती भीतीसुद्धा लांब, दुसऱ्या खोलीत असल्यासारखी होती.

"नको," ती म्हणाली. "एकच घाला."

"बाई..."

"एकच, क्रेल."

त्यानं खिळे काढायला सुरुवात केली. बार्नबीची अक्षरं एकेक करून खणात परत पडताना टिक टिक आवाज होत होता. ती शेवटपर्यंत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बार्नबी ताव घेऊन वर आला. ती नव्या खुर्चीत बसली नव्हती. खिडकीपाशी बाकावर बसली होती. त्यानं ताव तिच्या मांडीवर ठेवला. आरडाओरडा त्यानं केला नाही. केला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"सगळ्या आवाराला कळलंय," तो म्हणाला. "काल एक नाव, आज दुसरं. शेजारचे विचारत होते, आईनं घरातून काढलं का म्हणून. हसत होते."

"तुला आधी मला सांगता आलं असतं."

"आलं असतं. चुकलंच माझं. मी घाबरलो, तुला वाईट वाटेल म्हणून." त्याचे कान लाल झाले नव्हते. चेहरा पांढरा होता. "पण दोघांचं घालता आलं असतं, आई. क्रेल म्हणाला, त्यानं तुला सुचवलं होतं."

"हो. सुचवलं होतं."

"मग?"

खाली दुकानात लेटिस कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होती, तिचा आवाज जिन्यातून वर येत होता. बार्नबी वाट पाहत उभा होता, लहानपणी पाठांतर म्हणताना अडला की उभा राहायचा तसा, फक्त आता अडली होती ती. "मी तेव्हा लिहिलं होतं ते," तो शेवटी म्हणाला. "तुला आठवतं का तरी?" आणि उत्तराची वाट न बघता तो खाली गेला.

सप्टेंबरअखेरच्या मिकेलमास सणाच्या सुमाराला ती दोघं निघून गेली. लेटिसच्या वडिलांचं लंडन ब्रिजवर, पुलावरच बांधलेल्या घरांच्या रांगेत, पुस्तकांचं छोटं दुकान होतं, त्यांना हाताखाली माणूस हवाच होता. बार्नबीनं इथलं एकही पुस्तक मागितलं नाही. जाताना त्यानं वाकून तिचा आशीर्वाद घेतला, रिवाजाप्रमाणे, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे केस टाळूवर विरळ होऊ लागले होते. हे तिच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं, आणि हात उचलल्यावर तिला वाटलं, आणखी थोडा वेळ ठेवला असता तर चाललं असतं. लेटिस रडली. डॅमरिस रडली नाही. तिनं खुर्ची गाडीवर चढवायला लावली. गरोदर बाईला लागेल म्हणाली.

पुस्तक बरं खपलं. खेड्यांतून पाद्री, जमीनदार, त्यांच्या बायका येऊन घेऊन गेल्या. कधी कधी ती एखादी प्रत उघडून तळाची ओळ पाही. तिला वाटलं होतं, ते पाहून काहीतरी भरून येईल. तसं होत नव्हतं. डॅमरिस टॅरंट. लांब, गुळगुळीत, कुणा दुसऱ्याच बाईचं नाव. त्या नावानं तिला हाक मारणारी माणसं कोण होती? वडील होते, गिल्बर्ट होता. आता सगळे बाई म्हणत, टॅरंटबाई म्हणत, आणि आई म्हणणारा पुलावर राहत होता. तिला कधी कधी असंही वाटे की आता कागदच फक्त तिला नावानं हाक मारतो, आणि त्याला ओ देता येत नाही. रविवारी सेंट पॉलमध्ये ती बाकावर कडेला बसे, मधली जागा रिकामी ठेवून, सवयीनं.

मूल झाल्याचं तिला क्रेलकडून कळलं, थंडीत, एका मंगळवारी. पुलावरचा कुणी कागदवाला त्याला बोलला होता. निरोप तिला नव्हता आला; उद्या आला असता कदाचित. तिनं दूध, अंडी आणि दालचिनी घालून बाळंतिणीसाठी पेज केली, भांडं फडक्यात बांधलं, दुकानाची फळी वर उचलून लावली आणि भरदुपारी निघाली. पुलावर वारा बोचत होता. लेटिस पलंगावर होती, फिकी, प्रसन्न. "बघा ना, आई," ती म्हणाली आणि तिनंच ते बोचकं पुढे केलं. मूल झोपेत होतं, मूठ गालाशी. डॅमरिसनं त्याला धरलं. पायांखाली नदीचा घुमणारा आवाज जाणवत होता. बार्नबी दारात उभा होता, बाह्या वर केलेल्या, बोटांना सरस लागलेलं.

"दुकान कोण बघतंय?" त्यानं विचारलं.

"बंद करून आले."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. वडिलांच्या काळापासून कामाच्या दिवशी ते दुकान बंद राहिल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं. तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. तो म्हणाला, "अंधार लवकर पडतो हल्ली. उजेडात परत जा." वाईट बोलला नाही. काळजीनंच बोलला. "गिल्बर्ट ठेवलंय नाव," एवढं त्यानं मग सांगितलं, आणि खालून सासऱ्यांनी हाक मारली म्हणून तो गेला.

ती परतली तेव्हा थोडा उजेड शिल्लक होता. एवढ्याशासाठी फळी पाडायची काही गरज नव्हती, पण तिनं पाडली. गिऱ्हाईक येईल असं नव्हतंच. तरी एक आला. खेडवळ पाद्री, अंगरख्यावर चिखल उडालेला. त्याला प्रवचनांचा एक जुना संग्रह हवा होता, तो तिनं लगेच काढून दिला. पण त्याला बांधून देताना तिनं दोरी सावकाश घेतली. गाव कुठलं विचारलं. रस्ता कसा होता विचारलं. तो सभ्यपणानं उत्तरं देत होता आणि आभाळाकडे बघत होता.

"दुकान जुनं दिसतंय," तो म्हणाला, काहीतरी बोलायचं म्हणून.

"माझ्या वडिलांचं," ती म्हणाली. "मग माझ्या नवऱ्यानं चालवलं. मुलगाही याच धंद्यात आहे, पुलावर असतो. त्याला आज मुलगा झाला. म्हणजे काल झाला असेल, मी आज बघून आले. एवढासा आहे, पण आवाज म्हणाल तर..."

"अरे वा, देवाची कृपा," पाद्री म्हणाला आणि त्यानं पुडकं काखेत मारलं. "माफ करा हं बाई, माझी होडी सुटेल. भरती कुणासाठी थांबते थोडीच." आणि तो गेलाच, आवारातून जवळजवळ पळत, टोपी धरून.

समोरची दुकानं एकेक करून बंद होत होती. डॅमरिसचे हात अजून टेबलावर होते, अर्धी दोरी बोटांत. तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं होतं, आणि ते गिळता येईना.

"आवाज म्हणाल तर अगदी बापासारखा," ती रिकाम्या दुकानाला म्हणाली, नीट, मोठ्यानं, गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. "आणि कान माझ्या वडिलांचे आहेत."

मग तिनं दोरी गुंडाळून ठेवली, आणि फळी वर ओढून घेतली.